टोकियोच्या देवीला नातीचा पत्ता

टोकियोला जाताना आईची बॅग मीच भरली. गुडघ्याचं तेल, बीपीच्या गोळ्या, दोन स्वेटर. नारळ आणि तांदूळ बडनेऱ्याला गाडीत बसण्याआधीच काढून टाकले, विमानतळावर अडवतात म्हणून. खण मात्र तिने साडीच्या घडीत लपवून नेला.

माझी लेक तिथे नोकरी करते, एकटी राहते. लेकरू ज्या शिवेत राहतं तिथल्या देवीची ओटी भरायची आणि लेकरू तिच्या हवाली करायचं, ही आईच्या माहेरची रीत. त्याशिवाय ती परत निघायला तयार नव्हती, आणि विमान दुसऱ्या दिवशीचं होतं.

लेकीने घराजवळच्या जुन्या शिंतो मंदिरात नेलं. शेतीपिकाचं दैवत. लाल कमान, दारात त्या दैवताचे दूत म्हणून दगडी कोल्हे, त्यांच्या गळ्यात लाल फडकी. आत मूर्ती नाही, नुसता पडदा.

"देवी कुठं हाय वं?"

"आत असते, आजी. दिसत नाही."

"मंग ओटी काय पडद्याले भरू?"

आई कोल्ह्याकडे वळली. "वावरातल्या कोल्ह्याले जिंदगीभर दगडं मारले, आता याच्या पाया पडा लागते." म्हणत ती त्याच्या गळ्यात खण बांधू लागली.

पांढऱ्या पोशाखातला पुजारी लगबगीने आला. लेक वाकून वाकून माफी मागत राहिली. मग दोघांचं बराच वेळ बोलणं झालं.

"काय म्हनून राहिला तो?"

"कापड बांधायचं नाही म्हणतात. तुला काय मागायचं होतं ते मी सांगितलं. तर म्हणाले, इथे देवाला आधी आपलं नाव सांगायचं, मग पूर्ण पत्ता. म्हणजे कोण, कुठलं, ते त्याला कळतं."

आईने खण सोडून घडी घातली आणि नातीच्या हातात दिला. "येवढंच व्हय? मंग पयलेच सांगाचं ना."

आम्ही तिघी पडद्यासमोर उभ्या राहिलो. दोनदा वाकलो, दोनदा टाळ्या वाजवल्या. लेकीने डोळे मिटले.

"मनात नोको. मले आयकू येऊ दे."

मागे रांग होती. लेकीने जपानीत नाव, वस्ती, इमारत, सगळं मोठ्याने सांगितलं.

"खोलीचा नंबर राहिला," मी म्हणाले.

तिने माझ्याकडे रोखून पाहिलं, आणि नंबरही सांगितला.

मग आईने हात जोडले. "माय, आमी अकोटचे. ही आमची नात. लय उशिरा जेवते, तेवढं पाह्यजो."

सगळ्यांनी शेवटचं वाकून घेतलं. कमानीबाहेर आल्यावर आईने विचारलं, "उद्या किती वाजता निघा लागते?"