अर्थिंगचा खड्डा

बाभुळगावात युनूस मिस्त्रीला कामाला बोलवायचं म्हणजे लोक जरा विचार करतात. माणूस गोड, हात सफाईचा; पण एक काम सांगितलं तर हा चार कामं काढतो. पंखा बसवायला यायचा आणि छताच्या हुकावर आधी स्वतः लोंबकळून पाहायचा. पोटाचा घेर वाढल्यापासून तर घरधन्यांना हुकापेक्षा छताचीच काळजी वाटायची.

यंदा चैत्राच्या उन्हात बापूजींनी त्याला गीझर बसवायला बोलावलं, तेव्हा बसस्टँडवर थट्टाच झाली. "टाकीतल्या पाण्यानं दुपारी हात पोळते, अन् बापूजी गीझर आणून राह्यले!"

पण बापूजींचा इलाज नव्हता. त्यांची लेक अपेक्षा यवतमाळच्या दवाखान्यात बाळंत झाली होती. पहिलंच बाळंतपण, म्हणून माहेरचं. चौथ्या दिवशी ती बाळाला घेऊन घरी येणार होती. मायलेकींना सव्वा महिना दोन्ही वेळ कढत पाणी लागणार. अंगणातल्या चुलीवर कपाशीच्या पऱ्हाट्या पेटवून ते तापवायचं आणि ते मोठं पातेलं, भरला गंज, उचलून तीन पायऱ्या चढून न्हाणीत न्यायचा, हे आता त्यांच्या बायकोच्या, कोकिळाबाईंच्या गुडघ्यांना झेपणारं नव्हतं. हिवाळ्यात असाच गंज नेताना त्यांचा पाय घसरला, तेव्हाचा पावलावरचा भाजल्याचा डाग अजून गेला नव्हता. शेवटी बापूजी यवतमाळला गेले, सहा हजार दोनशेचा पंधरा लिटरचा गीझर घेतला, आणि नातीच्या आधी त्यालाच मांडीवर घेऊन एसटीनं घरी आले.

युनूसनं न्हाणी पाहिली. मग मीटरपासून वायर बोटानं चाचपत आला, बटनाच्या बोर्डाचं झाकण काढलं आणि तिथंच उकिडवा बसला.

"बापूजी, इथं दोनच तार हाय."

"मंग? वीस वर्सं झाले, चालूनच राह्यले न."

"बलब-पंख्याले चालले. गीझर दोन हजार वॉट खाते. मीटरपासून नवी जाड वायर वढा लागते, तांब्याची. मोठं बटन, वेगळा एमसीबी. अन् अर्थिंग त तुमच्या घरात हायच नाई."

"दुकानदार त म्हणे, फिटिंग फुकट!"

"फुकट म्हंजे भितीले टांगून देणं. बाकी सारं आपलं."

गीझरच्याच खोक्यावर युनूसनं पेन्सिलीनं लिहिलं. वायर तेवीसशे, बटन-एमसीबी सातशे, पाइप-व्हॉल्व्ह पाचशे, अर्थिंगचं सामान तेराशे, मजुरी आठशे. बापूजींनी चष्मा पुसून बेरीज केली. छप्पनशे.

"काय बावा हे! गीझरच्या पाठीवर अखीन एक गीझर! थो दुसरा मिस्त्री त तीनशेत लावून देतो म्हणे, अर्ध्या घंट्यात."

"मंग त्यालेच बोलवा," युनूसनं स्क्रूड्रायव्हर पिशवीत टाकला. "मजुरी मले नका देऊ, चालते. पण बिना अर्थिंगचा गीझर मी नाई लावत."

"काहून रे बाप्पा इतला हट्ट?" आतून कोकिळाबाईंनी विचारलं.

"घरी एकडाव चूक केलती, काकी."

एवढंच बोलून तो पिशवीचे बंद आवळू लागला. अकरा वर्षांपूर्वी, लग्नाच्या पहिल्या हिवाळ्यात, बायकोला गार पाण्यात हात घालावा लागू नये म्हणून त्यानं पाणी तापवायचा रॉड आणला होता आणि घाईघाईत अर्थिंगशिवाय दोन पिनेवरच जोडून दिला होता. शगुफ्तानं पाणी तापलं का ते पाहायला बादलीत हात घातला, आणि भिंतीवर जाऊन आदळली. जीव वाचला, पण उजव्या हाताची दोन बोटं कायमची बधिर झाली. अजूनही सुईत दोरा ओवताना ती आपलीच बोटं डोळ्यांनी शोधते. तिनं त्याला एका शब्दानं कधी दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं, असं त्याला वाटतं.

बापूजींच्या डोक्यात मात्र वेगळंच चाललं होतं. "अर्थिंगच पाह्यजे न तुले? त्याले तेराशे कायले? वावरात विहिरीपाशी सळई ठोकून मी किती डाव मोटर चालवली!" आणि त्यांनी खरंच चार फुटी सळई आणून अंगणात घणानं ठोकली.

युनूस हसला नाही. पिशवीतून त्यानं शंभर वॉटचा बल्ब काढला, एक तार बोर्डातल्या चालू फेजला लावली, दुसरी सळईला. बापूजींना आणि बाहेर आलेल्या कोकिळाबाईंना लांब उभं केलं आणि बटन दाबलं. बल्बातली तार विझत्या विडीसारखी लालसर झाली, बस; लख्ख पेटलीच नाही.

"विहिरीपाशी जमीन ओली राह्यते, बापूजी. इथं काळी माती वाळून फाटली. तुमची सळई भेगीत लोंबकळून राह्यली. गीझरात काही बिघडलं त करंट जमिनीत गेला पाह्यजे. जमिनीनं नाई घेतला, त थो नळाले हात लावणाराच्या अंगातून जाईन."

न्हाणीतल्या नळाला पहिला हात अपेक्षाचा नाहीतर कोकिळाबाईंचाच लागणार होता. बापूजी बल्बाकडे पाहत राहिले. मग खुंटीवरचा दुपट्टा घेऊन त्यांनी डोक्याला गुंडाळला आणि कुदळ उचलली.

दोघंही आळीपाळीनं खणत होते. सहा फूट जायचं होतं. छातीएवढा खड्डा झाला तेव्हा बापूजी आतून ओरडले, "गीझर लावून राह्यला का विहीर खंदून राह्यला बे?" पाच फुटांवर ओल लागली. तळाशी तांब्याची प्लेट बसवली, भोवती ओल टिकावी म्हणून इस्त्रीवाल्याकडून कोळसा आणला. कोळशात मिसळायचं मीठ मात्र कमी पडलं. कोकिळाबाईंनी लोणच्यासाठी आणलेलं खडे मीठ सुपातून आणून ओतलं. "यंदा लोणचं तूच टाकजो मंग," त्या युनूसला म्हणाल्या. युनूसनं वर माती लोटली, पाणी ओतायला तेवढा एक खळगा ठेवला.

"रोज एक बादली पाणी टाकजा याच्यात. सुकू देऊ नका."

"रोज?" बापूजींनी कुदळीवर हनुवटी टेकवली. "नळ येते पाचव्या दिशी. प्याचं पाणी खड्ड्यात वतू का?"

युनूसनं उरलेली माती खळग्याभोवती दाबून बसवली.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी गीझर भिंतीवर चढला. युनूस चपला काढून न्हाणीच्या ओल्या फरशीवर उभा राहिला, बटन चालू ठेवायला सांगितलं आणि नळ मुठीत धरून बराच वेळ तसाच थांबला. "आता वापरा. पण पाणी तापलं का बटन बंद, मंगच आंघोळ. अन् टाकी रिकामी असन त बटनाले हातच लावजा नका."

दुसऱ्या दिवशी अपेक्षा आली. युनूसला मात्र चैन पडेना. वैशाख लागला, ऊन चढत गेलं, नळ पाचव्याऐवजी सातव्या दिवशी येऊ लागला. खड्डा सुकला असणार, आणि सुकला असेल तर आपण केलं न केलं सारखंच. त्याच्या डोळ्यांसमोर त्या घरातलं कोणी येण्याआधी शगुफ्ताची बोटंच येत. एका सकाळी तो वाट वाकडी करून बापूजींकडे गेला.

ओसरीत बापूजी बटनाखाली स्टूल टाकून बसले होते. आतून हाक आली, तसं त्यांनी बटन बंद केलं, वरचा लाल दिवा विझल्याची खात्री केली आणि ओरडले, "बंद केलं वो!"

न्हाणीत कोकिळाबाई पाय लांब करून पाटावर बसल्या असणार आणि नात त्यांच्या नडग्यांवर पालथी. पाण्याचा आवाज आणि बाळाचं बोंबलणं एकदमच सुरू झालं. न्हाणीच्या मोरीतून पाणी बाहेर आलं. एरवी ते गल्लीच्या नालीत जायचं. आता मोरीपासून अंगणभर वीतभर रुंदीचा पाट खणलेला होता, कडेनं माती थापलेली, आणि डाळीच्या पिठाचा वास येणारं ते कोमट पाणी सावकाश खड्ड्याकडे निघालं होतं.

"रोज दोन डाव," बापूजी त्याच्याकडे न पाहता म्हणाले. "बादली कायले पाह्यजे?"

पाटात मध्येच कडुलिंबाचा पाला अडकून पाणी तुंबलं होतं. युनूस खाली बसला आणि हातानं पाला काढू लागला.

"बाहीर कोन हाय वो?" कोकिळाबाईंनी आतून विचारलं.

"मी हाय, काकी. युनूस. वता पाणी, वता. बराबर जाऊन राह्यलं."