मुफलिस एकदाच पुकारतात

रविवारी गांधीबागचा कापडबाजार बंद असतो. त्या दिवशी दुपारी एका ठोक दुकानाचं शटर अर्धं वर असतं. वाकून आत गेलं की डाव्या हाताला जिना, आणि वर गाठोड्यांची खोली. भिंतीला लागून गादी, तिच्यावर पांढरी चादर, खिडकीत कूलर. तिथे आम्ही चौघं तीन पत्ती खेळतो. पैशाने नाही, शर्टाच्या बटणांनी. बटणं दुकानातलीच असतात आणि खेळ संपला की परत बरणीत जातात. हारलेल्याचं काही जात नाही, तरी हारायला कोणी तयार नसतो.

चौघांपैकी एक दुकानाचे मालक, म्हणजे आता मालकाचे वडील. त्यांना सगळे भाऊ म्हणतात. दुसरे लकडगंजातले लाकडाचे व्यापारी, भाऊंपेक्षा बरेच लहान, आवाज मोठा. तिसऱ्या कामठीहून बसने येणाऱ्या निवृत्त मुख्याध्यापिका. शाळेच्या गणवेशाचं कापड त्या वर्षानुवर्षं इथूनच नेत; त्या ओळखीतून खेळात आल्या. आम्ही त्यांना बाई म्हणतो. चौथा मी. वर्तमानपत्राच्या डेस्कवर काम करतो, शनिवारची पानं लावून रविवारी उशिरा उठतो आणि दुपारी इथे येतो. यायची ओढ असते असं नाही. न येण्याचं कारण सापडत नाही, एवढंच.

इथला खेळ एक नाही. वाटणाऱ्याची मर्जी. ज्याच्या हातात पत्ते, तो पिसून झाल्यावर या डावात काय खेळायचं ते पुकारतो. सादी पुकारली तर मोठी पानं जिंकतात. मुफलिस पुकारली तर सगळं उलटं: ज्याची पानं सर्वांत हलकी तो जिंकतो आणि तीन इक्के आलेला माणूस बुडतो. चार पत्तीत हातात चार पानं येतात, त्यांतलं एक सोडायचं असतं. जोकरमध्ये एक पान गादीवर उताणं ठेवतात आणि त्या पानासारखी बाकीची पानं हवी ती किंमत घेतात.

काय पुकारायचं हे ज्याच्या त्याच्या स्वभावावर असतं. व्यापारी मोठ्या पानांवर हारले की पुढच्या वाटपाला मुफलिस पुकारतात. पत्त्यांवर सूड घेतल्यासारखं. बाई वेळापत्रक लावल्यासारख्या क्रमाने चारही खेळ घेतात. मी बहुधा चार पत्ती पुकारतो, कारण त्यात डोकं कमी लागतं. भाऊ मात्र वेळ घेत. पत्ते पिसता पिसता एकेकाच्या चेहऱ्याकडे बघत, कोण थकलंय, कोण चिडलंय ते पाहत, मग पुकारत. त्यांचा डाव जमून यायचा तो तिथेच.

पुकार एकदाच, हा इथला नियम. परत विचारणाऱ्याने पानं टाकायची, म्हणजे पॅक. आणि विचारलं तर उत्तर फक्त वाटणाऱ्याने द्यायचं, दुसऱ्या कोणी मध्ये बोलायचं नाही. नियम भाऊंचाच. व्यापारी नवीन होते तेव्हा त्यांच्या कानाला मोबाइल चिकटलेला असे आणि दर डावात ते विचारत, काय चालू आहे. एकदा भाऊ वैतागले.

"तुह्या कानात भुसा भरला का बे? आता जो विचारीन तो पॅक."

"भाऊ, गिऱ्हाईक होतं ना लाईनवर."

"मंग गिऱ्हाईकाले विचार काय पुकारलं ते."

तेव्हापासून नियम चालू आहे.

मागच्या उन्हाळ्यात एका रविवारी बाईंनी मुफलिस पुकारली होती. भाऊ शेवटपर्यंत चाल देत राहिले आणि शो झाल्यावर त्यांनी तीन बादशाह एकामागे एक गादीवर ठेवले. ठेवताना ते हसत होते. व्यापारी खो खो हसले, त्यांना वाटलं भाऊंनी मुद्दाम फसवलं. भाऊंनी आमच्याकडे पाहिलं, मग स्वतःही हसले आणि म्हणाले, "गंमत केली."

पुढच्या रविवारी तसंच काहीतरी झालं. त्यानंतरच्या एका मुफलिसमध्ये भाऊंनी लवकर पॅक केलं. पुढच्या वाटपासाठी पत्ते गोळा करताना व्यापाऱ्यांना भाऊंची पानं दिसली. दुर्री, तिर्री, पंजी, तीन वेगळ्या रंगांची. मुफलिसमध्ये याहून चांगलं काही येत नाही. व्यापारी हसले नाहीत. त्यांनी पानं गड्डीत मिसळली आणि पिसत बसले, गरजेपेक्षा जास्त वेळ.

भाऊंना विचारता आलं असतं. पण विचारणाऱ्याने पॅक करायचं, आणि तो नियम त्यांचा होता. त्यामुळे ते अंदाजाने खेळत होते.

त्यांचा मुलगा, जो आता दुकान बघतो, रविवारी खाली हिशेबाचं काम करत बसतो आणि मधूनच चहा वर आणतो. भाऊंना त्याने गल्ल्यावरून आणि कापड फाडण्यापासून आधीच बाजूला केलं होतं. दोनदा माप चुकलं, एकदा कापड तिरपं फाटलं, गिऱ्हाईक ओरडलं. त्या दिवशी आम्ही उतरलो तेव्हा तो म्हणाला, "बाबांचं वर नीट चाललंय ना? तेवढंच एक उरलंय म्हणून शटर उघडतो. घोळ होत असेल तर सांगून द्या, बंद करून टाकू. उगाच हसं नको त्यांचं."

"छान चाललंय," बाई म्हणाल्या.

समोरच्या चहाच्या टपरीवर आम्ही तिघं थांबलो. ऊन उतरलं नव्हतं.

"खेळ मरून राहिला," व्यापारी म्हणाले. "मी काय म्हणतो, काही दिवस बंद ठेवू. भाऊच विसरून जातीन."

"हा कसला इलाज?" बाई म्हणाल्या. "आणि भाऊ हे विसरणार नाहीत. बाकी सगळं विसरतील."

व्यापाऱ्यांनी बशीतला चहा संपवला. "मंग काय कराचं?"

बाईंनी उपाय सांगितला. चार पत्तीत हातातली पानंच सांगतात की चार पत्ती आहे. जोकरमध्ये जोकर समोर पडलेला असतो. डोक्यात धरून ठेवावं लागतं ते सादी आणि मुफलिसमध्ये, कारण दोन्हीत तीनच पानं आणि गादीवर खूण काही नाही. तेव्हा जे डोळ्याला दिसतं तेवढंच पुकारायचं.

काही आठवडे तसं चाललं. चार पत्ती, जोकर, जोकर, चार पत्ती. भाऊ बरे खेळत. आम्ही कंटाळलो. कूलरचं पाणी संपलं की कोणी उठायचं यावर आमच्यात बोलाचाली होऊ लागली. मी एकदा बसल्या बसल्या पेंगलो.

मग भाऊंनी विचारलं, "मुफलिस काहून पुकारत नाही कोणी?"

व्यापारी समोरची बटणं मोजू लागले.

"बाई, तुमचं तर टाइमटेबल राहते. मुफलिसचा तास कुठं गेला?"

"राहून गेला, भाऊ," बाई म्हणाल्या. त्यांची वाटायची पाळी होती. त्यांनी मुफलिस पुकारली.

दोन फेऱ्या झाल्या. भाऊंनी पानं उचलली, खाली ठेवली, परत उचलली. व्यापाऱ्यांनी ते पाहिलं. आपली पानं गादीवर आपटत ते बाईंना म्हणाले, "बाई, काय पुकारलं होतं हो?"

"मुफलिस," बाई म्हणाल्या. "आणि तुम्ही पॅक."

"कानातला भुसा निघत नाही अजून," भाऊ म्हणाले आणि त्यांनी एक बटण पुढे सरकवलं. तो डाव त्यांनी जिंकला.

त्यानंतर ठरवून कोणी काही बोललं नाही, पण पद्धत पडली. सादी किंवा मुफलिस असली आणि भाऊ घुटमळले की कोणीतरी विचारायचं आणि पॅक करायचं. कधी बाई, कधी मी, बहुतेक वेळा व्यापारी. चांगली पानं हातातून सोडताना त्यांचा चेहरा बघण्यासारखा असे. एकदा जिन्यावर ते म्हणाले, "माह्या हातात तीन गुलाम होते, पेपरवाले. तीन. सादीत." मी म्हटलं, पुढच्या वेळी मी विचारीन. भाऊ मला म्हणू लागले होते, "तू पण बुढ्ढा झाला गा." मी हो म्हणत असे.

चूक व्हायची ती दिवाळीच्या आधीच्या गर्दीच्या दिवसांत झाली. बाजार रविवारीही उघडा होता, खाली गिऱ्हाईक, वर आम्ही. वाटायची पाळी भाऊंची होती. त्यांनी पत्ते पिसले, तिघांच्या चेहऱ्यांकडे पाहिलं आणि पुकारलं, "मुफलिस." पानं वाटली. फेरी सुरू झाली आणि भाऊ घुटमळले. सकाळपासून गोदामात उभे राहून आलेले व्यापारी सवयीने बोलून गेले, "काय होतं हो?"

विचारायचं वाटणाऱ्याला. उत्तर फक्त वाटणाऱ्याने द्यायचं. वाटणारे भाऊ होते.

बाईंनी मान वर केली. व्यापाऱ्यांच्याही लक्षात आलं, पण शब्द सुटला होता. त्याच वेळी मुलगा चहाचे कप घेऊन दारात आला आणि तिथेच थांबला. खालून कोणीतरी ताग्याचा भाव विचारत होतं, ते वर ऐकू येत होतं.

भाऊंनी हातातल्या पानांकडे पाहिलं. सादी म्हणाले असते तरी आमच्यातलं कोणी काही बोललं नसतं. सादी खेळलो असतो. ते त्यांनाही माहीत असावं. त्यांनी पानं पालथी करून खाली ठेवली.

"मले नाही आठवत," ते म्हणाले. "तुम्ही सांगा."

"मुफलिस होती, भाऊ," बाई म्हणाल्या.

"हाव का? मंग मी पॅक. विचारलं का पॅक." व्यापाऱ्यांकडे वळून म्हणाले, "तू पण पॅक. तू आधी विचारलं."

व्यापाऱ्यांनी पानं टाकली. बाई आणि मी तो डाव पूर्ण केला. कोण जिंकलं ते आठवत नाही. मुलाने कप ठेवले आणि तो खाली गेला.

निघताना त्याने आम्हाला गल्ल्यापाशी थांबवलं. "असं किती दिवसांपासून आहे?"

"माहाच घोळ झाला," व्यापारी म्हणाले. "मीच बावळटासारखं विचारलं."

"तुम्हाला नाही विचारत मी."

"उन्हाळ्यापासून," बाई म्हणाल्या. "आणि आज त्यांनी पानं टाकली ती नियमाने टाकली. हसं झालं नाही त्यांचं."

तो ताग्यावरून हात फिरवत राहिला. "बघू," म्हणाला.

पुढच्या रविवारी मी गेलो तेव्हा शटर पूर्ण खाली असेल असं धरूनच गेलो होतो. परत फिरून घरी झोपायचं, हेही मनात ठरलं होतं. शटर अर्धं वर होतं. मुलगा खुर्चीवर बसला होता. म्हणाला, "बाबा सकाळपासून ताग्यांत शोधून राहिले होते. नव्या ताग्यातलं फाडलं शेवटी. हातभर." मग म्हणाला, "सरळ फाडलं पण."

वर गादीच्या मधोमध छापील सुती कापडाचा तुकडा होता, निळ्या जमिनीवर बारीक पिवळी फुलं. भाऊंनी आम्ही तिघं बसेपर्यंत वाट पाहिली.

"सुलट वर असलं का सादी," ते म्हणाले. "उलट वर असलं का मुफलिस. वाटणाऱ्यानं ठेवाचं."

व्यापाऱ्यांनी तुकडा उलटापालटा करून पाहिला. उलट्या बाजूने फुलं फिकी दिसत होती, पोतही हाताला वेगळा लागत होता. "मंग पुकाराचं कशाले, भाऊ?"

"पुकाराचं. तोंडानं, एकदाच. नियम तोच."

"आणि कोणी विचारलं तर?"

"पॅक. कापड दिसून राहिलं तरी विचारते म्हणजे काय?"

हे चालू आहे. भाऊंचं बाकीचं कमी होत चाललं आहे. बाई कामठीहून येतात हे ते विसरतात आणि दर रविवारी त्यांना घर कुठे म्हणून विचारतात. बाई दर रविवारी सांगतात. मधल्या काळात सुलट म्हणजे कोणता खेळ हेही त्यांना एक-दोनदा सांगावं लागलं. ते सांगायला नियमाची आडकाठी नाही, कारण ते पुकारणं नव्हे, असं बाईंचं म्हणणं. कोणत्या रविवारी शटर खाली असेल ते मुलगा ठरवील. त्याने अजून ठरवलेलं नाही. आम्ही कोणी त्याला विचारत नाही.

गेल्या रविवारी वाटायची पाळी माझी होती. आदल्या रात्रीची पानं लावून डोळे जळत होते. चार पत्ती पुकारली असती तर कापडाचा प्रश्नच नव्हता, हातातल्या पानांनीच काम भागलं असतं. पण भाऊंनी तुकडा आधीच माझ्याकडे सरकवला होता आणि ते वाट पाहत होते. मी म्हटलं, "मुफलिस," आणि कापड उलटं ठेवलं.

भाऊंनी त्याच्याकडे पाहिलं नाही. खिडकीबाहेर बघत त्यांनी त्यावरून अंगठा फिरवला, आधी आडवा, मग उभा.

"मुफलिस," ते म्हणाले.

"भाऊ, पुकार एकदाच," व्यापारी म्हणाले. "पॅक करा आता."

"काहून? मी विचारलं का? मी तुले सांगून राहिलो."

बाई हसल्या. मी माझी पानं उचलली. दोन बादशाह आणि एक इक्का. मी पॅक केलं आणि भाऊंची चाल यायची वाट पाहत मागे गाठोड्याला टेकून बसलो.