भरती दिवसातून दोनदा का येते

नवीन पनवेलच्या आमच्या सोसायटीत रविवारची संध्याकाळ चारुदत्त टिपणिसांची असायची. पार्किंगमधल्या दोन गाड्या बाहेर काढायच्या, प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडायच्या आणि टिपणीस आठवडाभरात वाचलेलं सांगायचे. कुठल्या देशात सरकार पडलं, बर्फावर उभ्या राहणाऱ्या पेंग्विनचे पाय गोठत कसे नाहीत, कुठली नवी कादंबरी वाचण्यासारखी आहे. विमा कंपनीत उभी हयात नोकरी केलेला माणूस, पण आवाज असा खणखणीत की शेजारच्या इमारतीतले लोक गॅलरीत येऊन ऐकायचे. कुणी काहीही विचारा, त्यांच्याकडे उत्तर तयार. कधीकधी ते जरा जास्तच तयार असायचं, पण ऐकायला मजा यायची.

त्यांच्या पत्नी वसुंधराबाई पोस्टातून निवृत्त झालेल्या. त्या चहाचा ट्रे आणून ठेवायच्या आणि मागच्या खुर्चीत बसायच्या. घरात येणारं प्रत्येक पुस्तक आधी त्या वाचतात, हे आम्हाला कुणाला ठाऊक नव्हतं. कुणी विचारलंच नव्हतं.

मग दिवाळीनंतर टिपणिसांना पक्षाघाताचा झटका आला. जीव वाचला. उजवा हात लुळा पडला तो हळूहळू थोडा हलू लागला. पण बोलणं गेलं. समोरच्याचं सगळं कळायचं, मनातलं मात्र ओठांवर यायचं नाही. पाणी हवं असलं की ‘चावी’ म्हणायचे, आणि चुकलो हे लगेच कळून स्वतःच्याच मांडीवर बुक्की मारायचे. वाचा-उपचारासाठी घरी येणारी आभा नावाची मुलगी त्यांना म्हणाली, “काका, शब्द आहेत तिथेच आहेत. नेहमीची वाट बंद पडलीय. मेंदू दुसरी वाट काढतो, पण त्याला वेळ द्यायला हवा.” मग वसुंधराबाईंकडे वळून म्हणाली, “काकू, एक पथ्य. त्यांचं वाक्य तुम्ही पूर्ण करायचं नाही.”

हे पथ्य औषधाच्या गोळ्यांपेक्षा कडू निघालं. समोरच्या फ्लॅटमधले विश्वजीत देसाई रोज चौकशीला यायचे आणि टिपणिसांनी ‘प’ म्हटलं की सुरू व्हायचे, “पाणी? पेपर? पंखा?” माणूस प्रेमाचा, पण थांबणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. अखेर टिपणिसांनी त्यांच्यासमोर तोंड उघडायचंच बंद केलं.

पाऊस सुरू होऊन पंधरवडा झाला असेल. एका दुपारी टिपणिसांनी खिडकीतून खाली पार्किंगकडे बोट दाखवलं.

“र... रवि...”

वसुंधराबाई थांबल्या. ओठ घट्ट मिटून थांबल्या.

“रविवार,” टिपणीस म्हणाले. मग बोट बायकोकडे वळवलं. “वसू.”

“मी? अहो, मी काय बोलणार चार माणसांत?”

त्यांनी पुन्हा तेच बोट रोखलं.

पहिली बैठक साफ पडली. वसुंधराबाईंनी नवऱ्याची जुनी कात्रणं खालमानेनं वाचून दाखवली. लोकांनी घड्याळं पाहिली आणि चहा मात्र मनापासून प्यायला. त्या घरी आल्या तेव्हा त्यांना रडू फुटायचं बाकी होतं. पण पुढच्या रविवारी त्यांनी कात्रणं घरीच ठेवली.

“आज पेपरात आलंय की या आठवड्यात समुद्राला उधाण येणार, किनाऱ्यावर जाऊ नका,” त्या म्हणाल्या. “दरवर्षी ही बातमी येते. लाटांची उंची देतात, वेळ देतात. पण हे होतं कशामुळे ते कुणी लिहीत नाही. बातमी म्हणजे नुसता इशारा झालाय, असं मला वाटतं. माणसाला भीती घालायची तर त्यामागचं कारणही सांगावं.” मग त्यांनी चंद्र समुद्राचं पाणी कसं ओढतो, पौर्णिमा-अमावास्येला सूर्याचीही त्यात भर कशी पडते, ते सांगितलं. आवाज बारीक होता, पण त्या दिवशी घड्याळाकडे कुणी बघितलं नाही.

तेवढ्यात मागून प्रश्न आला. खाडीकाठच्या गव्हाण गावची भीमाबाई कोळीण आमच्या मार्केटच्या कोपऱ्यावर मासळी विकायला बसते. टिपणिसांचं घर तिचं जुनं गिऱ्हाईक. घरी जाताना भाऊंची तब्येत विचारायला आली होती, ती टोपली खाली ठेवून तिथेच टेकली होती.

“वयनी, चांद तर एका बाजूला हाय ना? मग पानी एकदाच चढाया पायजे. आमच्या खाडीला दिवसातनं दोनदा भरती येते, ती कशी?”

सगळे वसुंधराबाईंकडे बघू लागले.

“मला माहीत नाही, भीमाबाई. पुढच्या रविवारी सांगते.”

पहिल्या रांगेतल्या टिपणिसांनी काठी आपटली, उठले आणि लिफ्टकडे चालू लागले.

घरी आल्यावर ते खुर्चीत मान फिरवून बसले. “माहीत... नाही... छे!” एवढंच म्हणाले.

“तुम्हाला उत्तर येतही असेल. मला नाही येत,” वसुंधराबाई म्हणाल्या. “मग काय, खोटं सांगू तिला? तुम्ही कितीदा ठोकून दिलंत ते मला ठाऊक आहे. मी मागेच बसत होते.”

रात्रीचं जेवण झाल्यावर टिपणिसांनी हळूच बायकोपुढे बडीशेपेची डबी सरकवली. तो त्यांचा तहाचा बावटा.

आठवडाभर वसुंधराबाई त्या प्रश्नामागे लागल्या. वाचनालयातून विज्ञानाची दोन पुस्तकं आणली, मोबाईलवर व्हिडिओ पाहिले. चंद्राकडच्या बाजूचं पाणी वर येतं हे पटत होतं, पलीकडच्या बाजूचं का चढतं ते काही केल्या गळी उतरेना. शनिवारी सकाळी त्यांनी चष्मा काढून टेबलावर टाकला. “जाऊ दे. सांगते त्यांना, नाही कळलं म्हणून.”

टिपणीस उठले. ओट्यावरून एकेक करत तीन कप आणले आणि टेबलावर एका ओळीत एकमेकांना टेकवून ठेवले. टेबलाच्या टोकाला एक लिंबू ठेवलं. मग डाव्या हातानं लिंबाजवळचा कप त्याच्याकडे बराच सरकवला, मधला थोडासा सरकवला आणि शेवटच्या कपाला जेमतेम धक्का दिला. कपांमध्ये दोन्हीकडे फट पडली.

“लिंबू म्हणजे चंद्र,” वसुंधराबाई पुटपुटल्या. “मधला कप पृथ्वी. हे जवळचं पाणी, ते पलीकडचं...”

टिपणिसांनी शेवटच्या कपावर बोट ठेवलं. चेहरा लाल झाला होता, गळ्याच्या शिरा ताणल्या होत्या. वसुंधराबाई गप्प राहिल्या.

“मागे,” ते म्हणाले. बराच वेळ गेला. “मागे... राहतं.”

“अगंबाई!” त्या ओरडल्याच. “जवळचं पाणी पृथ्वीपेक्षा जास्त ओढलं जातं. आणि पृथ्वी त्या पलीकडच्या पाण्यापेक्षा जास्त ओढली जाते. म्हणून ते मागे राहतं! दोन्ही बाजूंना फुगवटा. आणि पृथ्वी फिरताना आपली खाडी दोन्हीखालून जाते!”

दुसऱ्या दिवशी पार्किंगमध्ये टेबल मांडलं. “हे मला यांनी समजावलं, आता तेच सांगतील,” असं म्हणून वसुंधराबाई बाजूला झाल्या. टिपणिसांनी मानेनंच नकार दिला. भीमाबाई म्हणाली, “भाऊ, सावकाश सांगा. मना घाई नाय.”

ते उठले. कप सरकवले. शब्दाला पुन्हा अडले तेव्हा विश्वजीतरावांनी तोंड उघडलं, पण वसुंधराबाईंनी हात वर केला आणि देसायांनी आयुष्यात पहिल्यांदा तोंडातला शब्द गिळला.

“मागे राहतं,” टिपणीस म्हणाले.

भीमाबाई वाकून कपांकडे बघत राहिली. “म्हंजे आमची एक भरती चांदानं ओढलेली, आन् दुसरी मागं रायलेली. हे आज कळलं बघा.” ती खूश होऊन हसली, आणि मग सगळेच हसले. टिपणीस सर्वांत शेवटी, पण सर्वांत जास्त वेळ.

त्यानंतर बैठकीचा रंग पालटला. लोक उत्तरं ऐकायला यायचे ते प्रश्न घेऊन येऊ लागले. नव्या विमानतळाच्या आवाजानं पक्षी खरंच निघून जातात का, ताप आल्यावर थंडी का वाजते. ज्याला उत्तर येत नसेल त्यानं पुढच्या वेळी शोधून आणायचं. टिपणिसांच्या शब्दांत दर आठवड्याला एखाद-दुसऱ्याची भर पडत होती. आभा म्हणाली, पूर्वीसारखं घडाघडा बोलणं येईलच असं नाही, पण वाढ थांबलेली नाही.

गणपतीनंतर वसुंधराबाईंनी एक जाडजूड कादंबरी आणली आणि दुपारी नवऱ्याला वाचून दाखवू लागल्या. त्यांना ती फार आवडली होती. एका दुपारी टिपणिसांनी पुस्तकावर हात ठेवला.

“कंटा... कंटाळवाणी.”

इतका लांब शब्द, आणि पूर्ण! वसुंधराबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. मग त्या शब्दाचा अर्थ त्यांच्या लक्षात आला.

“कंटाळवाणी? ही? अहो, त्या नायिकेचं पुढे काय होतं ते ऐका तरी!”

“नको.”

“अर्धीही झाली नाही अजून!”

“लांब. फार लांब!”

भांडण जिन्यापर्यंत ऐकू येत होतं. विश्वजीतराव बेल दाबायला आले होते, ते दारातच उभे राहून ऐकत राहिले आणि पाऊल न वाजवता परत गेले.

रविवारी तो वाद पार्किंगमध्ये आला. ज्यांनी पुस्तक वाचलं होतं त्यांच्यात दोन तट पडले, ज्यांनी नव्हतं वाचलं तेही कुठल्या तरी तटात शिरले. भीमाबाईनं टोपली बाजूला सारून पदर खोचला.

“आधी मना गोष्ट सांगा,” ती म्हणाली. “मग मी सांगते, कुणाचं खरं.”

वसुंधराबाईंनी सुरुवात केली. नायिकेच्या गावाचं वर्णन जरा रेंगाळलं, तशी टिपणिसांनी हातानं ‘पुढे, पुढे’ अशी खूण केली.