आरशासारखी रिम

मंडळी, ट्रायल्स सायकलने खडकावरून खडकावर उडी घेताना मागचे चाक क्षणात जखडले पाहिजे. म्हणून पुष्कळ अभ्यासाअंती डिस्क ब्रेक नाकारून मी चाकाची कडा, म्हणजे रिमच, दाबून धरणारा रिम ब्रेक निवडला आणि पकड यावी यासाठी रिम स्वतः ग्राइंडरने खरबरीत केली.

महाडच्या दुकानात सायकल केवळ ब्रेकची वायर बदलायला दिली होती. आज पोलादपूरजवळ सावित्रीच्या पात्रात पहिल्याच उडीला चाक सरकले. पडल्यावर पाहिले, तर रिम आरशासारखी चमकत होती. मनगट सुजले, रविवारची स्पर्धा गेली.

दुकानदाराला फोन केला.

"सर, रिम पार खरवडलेली व्हती. बरी दिसत नाय म्हणून पॉलिश मारली. तुमच्याकडून त्याचे पैशे पण नाय घेतले."

आता ब्रेक निवडताना त्याची पकड पाहावी, की इतरांचा चांगुलपणा तो किती सोसेल, हे?