पडद्यावर हललेली टाकी

आमच्या गावची पाण्याची टाकी मी एकट्याने हलवली होती.

टाकीच्या एका खांबाला तडा गेला होता आणि त्या बेपर्वाईविरुद्ध मी पत्रकं वाटत होतो. (गाव त्यांत पोहे बांधायचं. धिक्कार!) सभेला सतरंजी मीच अंथरायचो, भाषण मीच करायचो आणि आभार सतरंजीचे मानायचो. माझे वडील, बाबूजी, विचारायचे, "तुह्या मागं कोणी नाही, तू कायले पुढं जाऊन राहिला?" याचं उत्तर एकाही पत्रकात नव्हतं. म्हणून तिरोड्याच्या मित्राचा कॅमेरा मागून आणला. पुरावा दिसला की माणसं येतील. निदान बाबूजी तरी.

त्या दिवशी धाकट्या बहिणीचं, मंदाचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा होता. मांडव नेमका टाकीखाली! मी तिपाई रोवली, वर कॅमेरा घट्ट बसवला आणि त्याच्या पडद्यावर खांब चौकटीत धरला. या भिंगात हाताची थरथर सावरणारी सोय होती. हातात धरला की माझे हात संतापाने कापायचे, पण पडद्यावरचं चित्र शांत. आता तर हातही लागलेला नव्हता, वारा नव्हता, आणि तरी पडद्यावर तो खांब हळूच डावीकडे सरकला. थांबला. मग उजवीकडे निघाला.

आयुष्यात पहिल्यांदा वस्तुस्थिती माझ्या पत्रकाच्या पुढे गेली होती!

मी बोंब ठोकली. पाहुणे पडद्यावर वाकले, तरंगता खांब बघितला आणि उठले. भाताचा गंज चौघांनी पळवला, वरण मांडवातच सांडलं, नवरदेव थेट बोडीच्या, गावतळ्याच्या पाळीवर. आणि बाकी सगळे माझ्या मागे उभे! मी बोलत होतो, लोक ऐकत होते. बाबूजींनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. असा हात त्यांनी याआधी कधी ठेवला होता, मला आठवेना.

मांडवात एकटी मंदा बसून होती. ती शालू सावरत आली आणि तिनं तिपाईवरचा कॅमेरा बाबूजींकडे वळवला. पडद्यावर बाबूजी हळूच डावीकडे सरकले.

"भाऊ, बाबूजीबी हालून राहिले. आता यायच्याबी विरोधात पत्रक काढतं का?"

म्हैसही हालली. आंब्याचं झाडही. मंदानं भिंगावरचं एकुलतं एक, थरथर सावरायचं बटन खाली ओढलं आणि सगळं जग जागच्या जागी उभं राहिलं. सावरायला थरथर सापडेना, म्हणून तिपाईवर ते भिंगच आपणहून हलत होतं. (त्याच्यावर रागावता येईना. मीही असाच कार्यकर्ता.)

बाबूजींनी खांद्यावरचा हात काढला. "चाल, भात थंडा होऊन राहिला," एवढंच म्हणाले, तेही पाहुण्यांना. सगळे परत टाकीखाली जेवायला बसले. तडा होताच, पण आता तो मी कोणाला दाखवणार?

दिवस मावळताना घरच्यांचा फोटो काढायचं ठरलं. कॅमेऱ्याला दहा सेकंदांची मुदत लावून, बटन दाबून मी चौकटीत शिरायला धावलो.

त्या फोटोत मागचा तडा लख्ख आलाय. मी तो पुढच्या पत्रकावर छापला. ते पत्रक गावानं पहिल्यांदाच जपून ठेवलं, मंदाचा फोटो आहे म्हणून. अजून एखादा मला थांबवून विचारतो, "सगळे तं ओळखू येते. हा कडेचा पुसटसा कोण होय?"