रूथचा आवाज

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलीला नाही. तुम्हाला सांगते — तुमची-माझी ओळख नाही म्हणून जमतंय की काय, माहीत नाही.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. तरी दिल्लीत, करोल बागेत शिवणकामाचं प्रशिक्षण केंद्र मी चालवलं. पोरींना सर्टिफिकेट मिळायचं, पुढे कामही मिळायचं. माझ्या हाताखालच्या बायका सोडून जात नाहीत, असं लोक कौतुकाने म्हणायचे. ताई माणसं सांभाळतात. मी ऐकून घ्यायची. का नाही घेणार?

शिकवायची मात्र रूथ. अहमदनगरची, नवऱ्याच्या सरकारी नोकरीमुळे लक्ष्मीबाई नगरात आलेली. आवाज खणखणीत. सगळ्या मशीन खडखडत असल्या तरी शेवटच्या पोरीपर्यंत पोचायचा. "ए, ये बाही है कि हाथी का पाँव? उधेड, चलो!" पोरी हसत हसत उसवायच्या. एखादी म्हणायची, "मॅडम, हाथी तो आपने ही सिखाया!" सगळ्यांत मोठ्याने रूथच हसायची. "ताई, इथे आले की घरचं सगळं विसरते मी," म्हणायची.

मला सांगूनच तिने एका मोठ्या सरकारी संस्थेत अर्ज केला होता. शिवणकाम शिकवायची पक्की नोकरी. मीच म्हटलं होतं, कर की.

तिथल्या एक बाई चौकशीला आल्या. मी दार लावलं, चहा दिला. दाराआडून रूथचा आवाज येत होता. त्यांनी विचारलं, लडकियों के साथ कैसी हैं?

मी काय बोलले — थांबा, सांगते. इथवर आले की दरवेळी मला दुसरंच काहीतरी आठवतं. चहात साखर जास्त झाली होती, ते आठवतं. त्या बाईंची चप्पल आठवते.

मी म्हणाले, "हाथ अच्छा है. पर चिल्लाती बहुत है. सुन रही हैं ना? दो लडकियाँ तो रोकर छोड गईं."

एकही पोर रडून गेली नव्हती.

रूथ गेली असती तर वर्ग बसला असता. मला मापं कळायची, समजावून सांगता यायची नाहीत. हे खरं आहे. पण त्याने काय होतं? काही नाही.

तिची नोकरी हुकली. एवढ्यावर थांबलं असतं तर — नाही, तेही वाईटच. पण पुढचं ऐका. त्या बाईंनी तिला फोनवर सांगून टाकलं, मुलींवर ओरडणारी शिक्षिका आम्हाला चालणार नाही. रूथ माझ्यासमोर येऊन उभी राहिली. डोळे सुजलेले. "ताई, मी पोरींवर ओरडते का हो? खरं सांगा."

एक शब्द पुरला असता. नाही. बस्स, एवढाच.

मी म्हटलं, "कधी कधी. तुझ्या लक्षात येत नाही."

तिने विश्वास ठेवला. माझ्यावर नाही तर कुणावर ठेवणार होती?

दुसऱ्या दिवसापासून ती हळू बोलायला लागली. मागच्या मशीनवरच्या पोरींना ऐकू जाईना. चुकलेली शिलाई दिसली की स्वतःच उसवून द्यायची, बोलायची नाही. हत्ती गेला. हसणं गेलं. एका पोरीने मला विचारलंसुद्धा, "आंटी, मॅडम हमसे नाराज हैं क्या?" मी म्हटलं, काम कर. मान खाली घालून रूथ वर्षानुवर्षं येत राहिली, आणि लोक म्हणत राहिले — ताईंकडची माणसं सोडून जात नाहीत.

काम सोडताना, तिच्या निरोपाच्या दिवशी ती सगळ्यांसमोर बोलली. पुटपुटलीच. "माझी चूक मला तोंडावर सांगणाऱ्या एकट्या ताईच." टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या.

आता ती इथेच दिल्लीत, द्वारकेला लेकीकडे असते. रविवारी चर्चमधून आली की मला फोन करते. मला हल्ली कमी ऐकू येतं. परवा वैतागून म्हटलं, "अगं रूथ, मोठ्याने बोल की जरा!"

ती काहीतरी म्हणाली. मला परत विचारावं लागलं.

"आता नाही जमत, ताई."

मी बरं म्हटलं.