सापाला भिणाऱ्या जहरवाल्या मॅडम

आमच्या डॉक्टर मॅडम सापाला भयंकर भीत. भीत म्हणजे खुर्चीवर चढून किंचाळण्याइतक्या. आता सापाला कोण भीत नाही? पण जयपूरच्या एका मोठ्या सरकारी हॉस्पिटलात साप चावलेले सगळे पेशंट वर्षानुवर्षं ह्याच बाईंच्या वॉर्डात येत होते. आसपासच्या खेड्यांत त्यांचं खरं नाव कोणाला ठाऊक नव्हतं. चाकसूकडून जीपमध्ये पेशंट घालून आणणारा माणूस गेटवर वॉर्ड नंबर न विचारता थेट म्हणायचा, "जहरवाली मैडम कठै बैठै छै?" आणि गेटवरचा गार्डही न गोंधळता बोट दाखवायचा.

माझी त्यांची ओळख झाली ती मराठी मंडळाच्या हळदीकुंकवात. बँकेने मला नाशिकहून उचलून जयपूरला टाकलं होतं, आणि गोपालपुऱ्यात कोचिंगच्या पोरांनी भरलेल्या हॉस्टेलांच्या गर्दीत मी कसाबसा एक फ्लॅट मिळवला होता. मॅडम दोन इमारती सोडून राहायच्या. त्या संध्याकाळी तिळगूळ खाता खाता त्यांनी गोणीची गोष्ट साभिनय सांगितली. गावाकडची माणसं चावलेला साप मारून बरोबर आणतात, डॉक्टरला ओळखता यावा म्हणून. एकाने खताच्या गोणीतून आणलेला साप पुरता मेलेला नव्हता. वॉर्डाच्या मधोमध गोणी हलली. मॅडम तपासायचं स्टूल पकडून वर चढल्या आणि तिथूनच त्यांनी हुकूम सोडला, "पहले इसको बाहर करो, फिर आदमी को अंदर लाओ!" आम्ही हसून लोळलो. त्याही हसल्या, पण मग अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "मला भीती वाटते म्हणून मला अजून एकही चावला नाही. न भिणारे सगळे माझ्या वॉर्डात येतात."

त्या पेशंटला सापाचा रंग, लांबी, पट्टे यातलं काही विचारत नसत. नातेवाईक मात्र हाताने फणा काढून दाखवत, आपापसात भांडत, एक म्हणे काळा होता, दुसरा म्हणे चट्टेपट्टे होते. "सापाचं नाव विचारून मी काय करू? त्याला का केसपेपर काढायचाय?" असं त्या मला मराठीत म्हणत आणि पेशंटला हिंदीत म्हणत, "भैया, ऊपर देखो." वर बघताना पापण्या जड होतात का, हे त्यांना हवं असे. मग थोडं रक्त काचेच्या नळीत घेऊन ती नळी टेबलावर उभी करून ठेवायची आणि ते गोठतंय का याची वाट बघायची. तेवढा वेळ त्या टेबलाच्या आसपास कोणी फिरकायचं नाही. एका नवीन डॉक्टरने घाईघाईत नळी उचलून पाहिली, तर त्याला असं काही झापलं की तो पुढे महिनाभर त्या टेबलाला वळसा घालून जायचा म्हणे. आपल्याकडे मिळणारं औषध मुख्य विषारी सापांवर एकच असतं, तेव्हा माणसाकडे बघा, सापाकडे नको, हा त्यांचा हिशेब होता.

होळी पेटली की मॅडमचा स्वभाव बदलायचा. थंडीभर बिळात पडून राहिलेली मंडळी आता ऊन खायला आणि पाण्यावर यायला लागणार, हे त्या आम्हा सगळ्यांना फोन करकरून सांगायच्या. चपला झटकून घाला, कुंड्यांच्या मागे हात घालू नका, कोणाला चावलंच तर त्याला पळवू नका. माझ्या बाल्कनीत सहा कुंड्या होत्या आणि फ्लॅट चौथ्या मजल्यावर होता. मी तसं म्हटलं, तर म्हणाल्या, "सापाला मजले मोजता येत नाहीत." मी मुकाट्याने कुंड्या भिंतीपासून पुढे ओढल्या.

एवढ्या भित्र्या बाईला नवरा मिळाला होता तो कृष्णाकाठचा. अप्पा सांगलीकडचे, विमा कंपनीतून निवृत्त झालेले, गोरेपान, ऐसपैस आणि कशाचीच चिंता नसलेले. बायकोला ते 'डॉक्टर' म्हणायचे. लहानपणी नदीत डुंबताना दिवड पकडून एकमेकांच्या अंगावर टाकायचा त्यांचा खेळ होता, आणि तो ते कोणत्याही निमित्ताने सांगायचे. दिवड म्हणजे पाण्यात राहणारा बिनविषारी साप. अप्पांनी त्यावरून एक कायदाच करून टाकला होता. "पाण्यातला साप म्हणजे दिवड. काय होत नाही त्याला. नुस्ता चावतंय, विष नसतंय." मॅडम ताट वाढता वाढता म्हणायच्या, "आणि नागाला पोहता येत नाही असं तुम्हाला कोणी सांगितलं?" अप्पा म्हणायचे, "डॉक्टर, आमटी वाढ." रोज कशावरून तरी त्यांचं हे असं चालायचं. साखर, बनियन, पंख्याचा वेग, काहीही पुरे व्हायचं. ऐकणाऱ्याला वाटावं की आता काही खरं नाही, आणि तेवढ्यात दोघं एकाच ताटातली चटणी घेऊन जेवायला बसलेली असायची.

आमच्या मंडळाची एक रीत आहे. सगळं जयपूर धुळवडीला रंगून, न्हाऊन, कामाला लागतं आणि आम्ही मराठी माणसं पाचव्या दिवशी पुन्हा तोंडं रंगवून हिंडतो. रंगपंचमीची सहल कानोत्याच्या बांधावर, म्हणजे शहराबाहेरच्या धरणावर. तिथल्या चौकीदाराला दरवर्षी वाटायचं की ह्या लोकांची तारीख चुकली आहे. पुरणपोळ्या घरून न्यायच्या, आणि ताकाची मोठी कॅन दोरीला बांधून काठच्या पाण्यात गार व्हायला सोडायची. मॅडम आपली खुर्ची पाण्यापासून लांब, मोकळ्या मैदानाच्या मधोमध ठेवायच्या आणि तिथून न हलता सगळ्यांकडून रंग लावून घ्यायच्या. त्या वर्षी जूनमध्ये त्या निवृत्त होणार होत्या आणि दोघं सांगलीला परतणार होती. म्हणून आम्ही त्यांना जरा जास्तच रंगवलं. हिरव्या-गुलाबी तोंडातून फक्त चष्मा ओळखू येत होता.

जेवायला बसायची वेळ झाली तशी अप्पा ताक आणायला काठावर गेले. ग्लास घेऊन मी त्यांच्या मागे होते. कॅनच्या दोरीशेजारी, गवताच्या कडेला पाण्यात एक साप होता. शांत, अर्धा पाण्यात आणि अर्धा गवतात. मी जागच्या जागी थिजले. अप्पा मात्र खुश झाले. "बघा, दिवड!" म्हणाले, आणि रस्त्यातली काटकी बाजूला करावी तसा त्यांनी त्याला हाताने बाजूला सारला. पुढचं मला नीट दिसलंसुद्धा नाही. साप गवतात गेला होता आणि अप्पा आपल्या हाताकडे बघत होते. "चावलं बघा," ते हसून म्हणाले, "काय होत नाही."

मी ओरडले. मॅडम मैदानातून आल्या. पाण्याकडे, गवताकडे, जिथे साप गेला म्हणून मी बोट दाखवत होते तिकडे. आयुष्यात पहिल्यांदाच असेल. कोणता होता, किती मोठा होता, काही विचारलं नाही. "बसा खाली," एवढंच अप्पांना म्हणाल्या. हाताचं घड्याळ काढलं. पोवळ्याची अंगठी निघेना, तर पोळीवर घ्यायचं तूप मागवून ती सोडवली. मुलांचा क्रिकेटचा स्टंप आणि माझ्या ओढणीचा फाडलेला तुकडा घेऊन हात लाकडासारखा सरळ बांधून टाकला. अप्पा उठून चालायला लागले, तेव्हा त्यांच्या खांद्यावर हात दाबून म्हणाल्या, "एक पाऊल टाकायचं नाही." मग त्यांना सतरंजीवर घालून चौघांनी गाडीकडे उचलून नेलं.

तेवढ्यात चौकीदार धावत आला. त्याच्या हातात धागा होता. इकडे साप चावला की विष उतरवणाऱ्या तेजाजी महाराजांच्या नावाची तांती बांधतात, आणि ती बांधल्याशिवाय कोणी पुढे जात नाही. आमच्यातल्या एकदोघांनी त्याला हटकलं. मॅडमनी त्यांनाच गप्प केलं. "बाँधो भैया, जल्दी बाँधो. पर ढीला. दो उँगली अंदर जानी चाहिए." चौकीदाराने बांधला, मॅडमनी स्वतःची दोन बोटं घालून बघितली, आणि त्याच्यापुढे हात जोडले. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली, की हे दिवडाचं प्रकरण नाही.

गाडी माझी होती. मंडळात माझ्या संथ चालवण्याची चेष्टा व्हायची, पण दुसऱ्या कोणाची गाडी जवळ नव्हती. "हळू नको," मॅडम मागून म्हणाल्या, "पण धक्केही नकोत." आग्रा रोडवर ट्रकांची रांग होती. अप्पा आधी कृष्णेच्या गोष्टी सांगत होते. मग त्यांचे शब्द जड व्हायला लागले. "अहो, वर बघा," मॅडम म्हणायच्या, आणि मला आरशात दिसायचं की अप्पा वर बघायचा प्रयत्न करताहेत आणि पापण्या वर येत नाहीत. मॅडमनी हॉस्पिटलात फोन लावला. त्यांच्या हाताखालचे डॉक्टर मीणा पलीकडे होते. "दवाई निकालकर रखो, वेंटिलेटर खाली करवाओ. मैं ला रही हूँ." त्यांनी पेशंट कोण म्हणून विचारलं असावं. "बासठ साल का आदमी है," त्या म्हणाल्या, "ज़िद्दी है." बोगदा लागला. आत शिरल्यावर आरशात काही दिसेना, फक्त त्यांचा आवाज येत होता. "अहो. अहो, ऐकताय ना? अहो." बोगदा संपेपर्यंत अप्पांचं उत्तर आलं नाही. मी देवाचं नाव घेत होते की हॉर्न वाजवत होते, मला आठवत नाही.

गेटवरच्या गार्डने आम्हाला अडवलं. ज्या बाईला तो रोज सलाम ठोकायचा, ती रंगलेल्या तोंडाने उतरली तर त्याला ओळखताच आली नाही. आवाज ऐकून मात्र तो स्वतः स्ट्रेचर ओढत धावला. दारातून आत गेल्यावर मीणांनी सगळं मॅडमकडे सोपवायला बघितलं. मॅडम दोन पावलं मागे सरल्या. "नहीं. यहाँ से मैं घरवाली हूँ. तुम देखो." आणि बाहेर येऊन, पेशंटचे नातेवाईक जिथे पिशव्या घेऊन बसतात त्या बाकावर बसल्या.

त्या बाकावर मी त्यांच्या शेजारी बसले होते. इतक्या वर्षांत किती बायका इथे त्यांच्याकडे आशेने बघत बसल्या असतील, ते त्या दिवशी मला कळलं. दर थोड्या वेळाने मॅडम उठायच्या, दाराच्या काचेपर्यंत जायच्या आणि आत न बघता परत यायच्या. संध्याकाळी मीणा बाहेर आले, म्हणाले, श्वास मशीनवर आहे, औषध चढतंय, वाट बघायची. आपल्याच वॉर्डात आपणच शेकडो वेळा सांगितलेलं वाक्य त्यांनी पेशंटच्या बायकोसारखं ऐकलं. "ठीक हो जाएँगे ना?" असं विचारलंसुद्धा. मीणांनी मान डोलावली आणि मग खाली बघितलं. मी बेसिनवर ओढणीचा दुसरा तुकडा भिजवून त्यांचं तोंड पुसलं. गुलाबी निघाला, हिरवा राहिला.

अप्पा वाचले. मशीन निघालं, नळी निघाली, आणि आठवडा उलटायच्या आत ते वॉर्डातल्या चहाला नावं ठेवू लागले. तो साप कोणता होता हे शेवटपर्यंत कोणाला कळलं नाही, आणि ते शोधायची कोणाला गरजही वाटली नाही.

जुलैत दोघं निघाली. मी जयपूर स्टेशनवर पोचवायला गेले होते. अप्पा फलाटावर हमालाशी सामानावरून हुज्जत घालत होते. मॅडम डब्यात खिडकीशी बसल्या होत्या आणि मी त्यांच्यासमोर. मी विचारलं, त्या दिवशी गाडीत तुम्ही नुसतं 'अहो, अहो' करत होता, मनात काय चाललं होतं? त्यांनी खिडकीतून अप्पांकडे एकदा बघून घेतलं. मग म्हणाल्या, "बोगद्यात मी नवस बोलले गं. डॉक्टर असून. म्हटलं, हे वाचू देत, मी यांना पुन्हा कधी एका शब्दाने बोलणार नाही. जन्मात नाही."

"मग?"

"मग काय! नळी काढली, आवाज नाही धड, मला जवळ बोलावलं. मला वाटलं, काहीतरी बोलतील बायकोशी. तर म्हणतात, 'डॉक्टर, दिवडच होता तो.'" मॅडम हसायला लागल्या आणि हसता हसता त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. "असं बोलले यांना, असं बोलले, की मीणा पळत आला. नवस दोन दिवससुद्धा टिकला नाही."

गाडीने शिट्टी दिली. मी खाली उतरले. अप्पा दारात उभं राहून मला टाटा करत होते, आणि गाडी सुटली तरी तिथेच होते. डबा माझ्यासमोरून पुढे सरकला, तेव्हा आतून मॅडमचा आवाज फलाटावर स्पष्ट ऐकू आला, "अहो, दारातून आत या म्हणते ना! किती वेळा सांगायचं तुम्हाला?" अप्पा हलले नाहीत. त्या पुन्हा ओरडल्या, आणखी मोठ्याने. मी हात हलवत उभी होते आणि मला इतकं बरं वाटत होतं, की शेजारच्या हमालाने विचारलं, "मैडमजी, कोई ख़ुशख़बरी है क्या?"